वृद्धाश्रम मोजायचा की वृद्ध?

खडकवासला धरणाची भिंत मागे टाकून डोणजे-गोऱ्ह्याच्या बाजूला निघालात की रस्त्याच्या कडेला पाट्या सुरू होतात. रिसॉर्ट, लग्नाचं लॉन, हुरडा पार्टी, आणि मधेच एखादी 'ज्येष्ठांसाठी निवास व शुश्रूषा'. माझ्या आईची मावशी, आमची माईआजी, अशाच एका ठिकाणी दोन वर्षं राहते आहे. मी दर पंधरा दिवसांनी तिच्याकडे जाते. त्यामुळे या विषयावरचे शोधनिबंध आणि प्रबंध मी दोन नात्यांनी वाचते. एक संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून आता आरोग्यसेवांवर पीएच.डी. करणारी विद्यार्थिनी म्हणून, आणि दुसरं म्हणजे नात म्हणून. दुसऱ्या नात्यानं वाचताना राग जास्त येतो हे आधीच सांगून ठेवते.

राग कशाचा? शीर्षकात 'वृद्धाश्रमातील काळजीचा दर्जा आणि सुरक्षितता' असं लिहिलेलं असतं. आत उघडून बघावं तर आश्रमाबद्दल एक परिच्छेद, आणि बाकी सगळं तिथल्या आजी-आजोबांबद्दल. त्यांचं वय, शिक्षण, मुलं किती, नैराश्याचा गुण किती, आंघोळ स्वतः करता येते का. मग घरी राहणाऱ्या ज्येष्ठांशी तुलना, टी-टेस्ट, पी-व्हॅल्यू, आणि शेवटी शिफारस: समुपदेशन करावे, भजन आणि योगाचे कार्यक्रम वाढवावेत. दर्जा तपासायचा होता आश्रमाचा आणि गुणपत्रिका निघाली आजीची. तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसला असाल आणि विषय याच्या आसपासचा असेल, तर हा साचा नीट बघून घ्या. मीही यातच अडकले होते, ते पुढे सांगते.

आधी एका शब्दाचा घोळ. परदेशी निबंध शोधताना तुम्ही 'नर्सिंग होम' टाकता आणि हजारो निबंध मिळतात. तिकडे त्याचा अर्थ कायमचं राहण्याचं, चोवीस तास शुश्रूषेचं ठिकाण. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं खासगी रुग्णालय, बहुतेकदा खाली मेडिकल आणि वर प्रसूतिगृह. आपला १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदासुद्धा याच अर्थानं चालतो. गंमत अशी की त्या कायद्याच्या व्याख्येत आजार आणि दुखापत यांच्या जोडीला 'अशक्तपणा' असलेल्यांना ठेवून उपचार व शुश्रूषा देणारी जागाही बसते. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या दहा आजींना राईल्स ट्यूब आणि कॅथेटरसह सांभाळणारा बंगला त्यात मोडतो की नाही, हा खराखुरा प्रश्न आहे आणि त्यावर एखाद्या कायद्याच्या विद्यार्थ्यानं चांगलं काम करावं. आपण मात्र परदेशी निबंधातलं नर्सिंग होम उचलतो, त्याचं 'वृद्धाश्रम' करतो आणि तिकडची मोजपट्टी इकडच्या घराला लावतो. तिकडे मोजपट्टीच्या मागे परवाना, तपासणी अधिकारी आणि दंड असतो. इकडे मागे काय आहे?

कागदावर थोडं आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण कायदा २००७ चा. त्याचं कलम १९ वाचा. राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, आणि किमान १५० निराधार ज्येष्ठांना सामावणारा वृद्धाश्रम स्थापन 'करू शकेल'. करेलच असं नाही. त्यातले दर्जाचे निकष राज्य ठरवेल, तेही सरकारी योजनेतल्या आश्रमांपुरते. महाराष्ट्राचे नियम २०१० मध्ये आले. त्याआधी १९९५ पासून मातोश्री वृद्धाश्रमांची योजना होतीच. महिना वीस-पंचवीस-चाळीस हजार घेऊन चालणाऱ्या खासगी शुश्रूषा घरांसाठी सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते संमत झालं नाही. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही तिथेच संपलं.

संशोधकाला याचा थेट फटका असा की तपासणीच नाही, मग तपासणीचा अहवाल कुठून येणार? आश्रमाबद्दलची प्रत्येक गोष्ट व्यवस्थापकांच्या परवानगीनंच कळते. आणि परवानगी कोण देतं? ज्यांचं बरं चाललेलं असतं ते. आपण प्रबंधात 'सोयीस्कर नमुना' असं एका ओळीत लिहून पुढे सरकतो, जणू फक्त आपल्या पायांची सोय झाली. खरी सोय आश्रमाची झालेली असते. ज्यांनी 'आत्ता नको, नंतर बघू' म्हणून फोन ठेवला, त्यांची यादी कुणी जोडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. नकार देणारे आश्रम किती, लहान की मोठे, खासगी की ट्रस्टचे, शहरात की धरणापलीकडे, एवढं जरी लिहिलंत तरी तुमचा प्रबंध बऱ्याच जणांच्या पुढे जाईल.

मोठ्या सर्वेक्षणाकडे वळावं तर तिथे आणखी मोठं भोक. वृद्धत्वावर काम करायचं म्हटलं की सगळे 'लासी'कडे बोट दाखवतात. २०१७-१८ ची पहिली फेरी, ४५ वर्षांपुढचे ७२ हजारांहून अधिक लोक, आपल्या मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं केलेलं काम. उत्तम विदा आहे, जरूर वापरा. पण तो कुटुंबांचा नमुना आहे. माईआजी ज्या दिवशी घरातून हलली, त्या दिवशी ती या चौकटीतून बाहेर पडली. तेव्हा 'लासीनुसार भारतीय ज्येष्ठांमध्ये...' असं वाक्य लिहून पुढच्याच परिच्छेदात वृद्धाश्रमावर येऊ नका. मधली उडी परीक्षकाच्या लक्षात यायला हवी. बहुतेकदा येत नाही, ते सोडा.

आता मोजपट्ट्यांकडे येऊ, कारण खरी गडबड तिथेच आहे. नैराश्यासाठी सगळ्यात लोकप्रिय म्हणजे जीडीएस, येसावेज आणि सहकाऱ्यांची, १९८० च्या दशकातली. तिची पंधरा प्रश्नांची आवृत्ती आपण वापरतो. पाचाच्या पुढे गुण गेले की नैराश्याची शक्यता धरतात. प्रश्न हो-नाहीचे आहेत. त्यातला एक असा: बाहेर जाऊन काही नवीन करण्यापेक्षा घरीच बसावंसं वाटतं का? माईआजीच्या आश्रमाचं फाटक बंद असतं. बाहेर जायला नातेवाइकाची सही लागते. तिला हा प्रश्न विचारायचा म्हणजे काय विचारायचं? दुसरा प्रश्न, पूर्वीचे उद्योग आणि आवडी सोडून दिल्यात का? तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाहीत, सुई-दोरा काढून घेतलाय, तुळशीला पाणी मामा घालतात. तिसरा, सारखा कंटाळा येतो का? चौथा, असहाय वाटतं का? चारही ठिकाणी माईआजीनं खरं उत्तर दिलं तर चार गुण झाले. पंधरापैकी चार गुण तर फाटक, स्वयंपाकघर आणि दिनक्रम यांचेच आहेत. उरलेले दोन गुण मिळायला एखादी उदास दुपार पुरते. मग प्रबंधात येतं, 'वृद्धाश्रमातील अमुक टक्के ज्येष्ठ नैराश्यग्रस्त', आणि उपाय म्हणून समुपदेशन. आश्रमानं काय केलं याचं उत्तर आजीच्या मनाचं लक्षण म्हणून नोंदलं गेलं.

जीडीएस वाईट आहे असं मी म्हणत नाही. चाळणी म्हणून ती ठीकच आहे. पण तिच्या गुणांवरून काळजीच्या दर्जाबद्दल बोलायचं असेल, तर प्रत्येक प्रश्न त्या घराच्या नियमांशेजारी ठेवून वाचावा लागतो.

कॅट्झची मोजपट्टी आणखी जुनी, १९६३ ची. आंघोळ, कपडे, संडास, उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा, जेवण. सहा गोष्टी, प्रत्येकी एक गुण. ही तर निखळ शारीरिक आहे ना? जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी आंघोळीची वेळ पहाटेची, कारण रात्रपाळीच्या मावशींना जायच्या आधी सगळ्यांचं उरकून जायचं असतं. माईआजीला आंघोळ स्वतः करता येते, फक्त अर्धा तास लागतो. मावशींकडे तिच्यासाठी सात मिनिटं आहेत. म्हणून मावशी घालतात. तुम्ही विचारता, आंघोळीला मदत लागते का? मावशी सांगतात, 'हो, आम्हीच घालतो.' शून्य गुण. आणि सहा महिने दुसऱ्यानं आंघोळ घातली की खांदा खरंच वर जाईनासा होतो. पुढच्या वेळी शून्य खरं ठरतं. आता हे वार्धक्य मोजलं की पाळीचं वेळापत्रक?

इथे एक गोष्ट मला मुळातच सांगायला हवी होती. दर्जा कसा पाहायचा याची जी चौकट आपण सगळे कोर्सवर्कमध्ये पाठ करतो, ती डोनाबेडियन यांची, १९६६ च्या लेखातली. रचना, प्रक्रिया, परिणाम. काय आहे, काय केलं जातं, आणि त्यानं काय झालं. परीक्षेत तीन शब्द लिहून पाच गुण मिळतात. प्रत्यक्षात फरक कसा दिसतो ते माईआजीच्या उशाजवळच्या बेलमुळे मला कळलं. प्रवेश घेताना आम्हाला दिलेल्या सुविधांच्या यादीत 'प्रत्येक खाटेला बेल' असं होतं आणि बेल खरोखर होती. बिनतारी, भिंतीला चिकटवलेली. मी एकदा सहज दाबली. काहीच वाजलं नाही. आत सेल नव्हते. किती दिवस नव्हते कोण जाणे. माईआजी म्हणाली, 'अगं, ती दाबायची नसते, रात्री सगळे झोपतात ना.' रचनेच्या रकान्यात बरोबरची खूण, प्रक्रियेत शून्य, आणि परिणाम हा की ती रात्री बाथरूमला जाताना भिंत धरून एकटी जाते. आश्रमाला कळवल्यावर त्याच दिवशी सेल बसले, हेही लिहायला हवं. वाईट माणसं नाहीत ती.

'सुविधा आहे का' हे विचारून थांबलेली प्रश्नावली मला तेव्हापासून अर्धीच वाटते. दाबून बघा, घड्याळ लावा, कोण आलं आणि किती मिनिटांनी ते लिहा. आणि हे रात्री दोन वाजता करा. दुपारी बारा ते चार या वेळात गोळा केलेल्या विदेवर चोवीस तासांच्या काळजीचा निष्कर्ष काढलेले प्रबंध मी मोजायचे सोडून दिलेत. आपण दुपारी जातो कारण धरणापासून स्वारगेटला परत यायला शेवटची बस चुकायला नको. मान्य आहे. पण मग मर्यादांमध्ये ते लिहा.

समाधानाच्या प्रश्नांबद्दल फार बोलत नाही. 'इथल्या सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?' असं व्यवस्थापिका बाईंच्या समोर, त्यांनीच आणून दिलेल्या खुर्चीवर बसून विचारलं तर उत्तर एकच येतं: 'सगळं छान आहे हो, खूप करतात आमचं.' तुम्ही पाच वाजता निघून जाणार. रात्री डायपर बदलणारा हात त्यांचाच असणार. आजी इतकी भोळी नाही.

आता नमुन्याच्या आकाराबद्दल, कारण संख्याशास्त्रवालीला हे सोडवत नाही. पाच आश्रम, प्रत्येकी तीस रहिवासी, एकूण नमुना १५०, असं लिहितात. प्रश्न जर आश्रमाच्या दर्जाचा असेल तर तुमचा नमुना पाच आहे. एकाच घरातल्या तिसांना तेच जेवण, त्याच मावशी, तोच जिना. त्यांची उत्तरं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, आणि साधी टी-टेस्ट ती स्वतंत्र आहेत असं धरून चालते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण या क्षेत्रातल्या सर्वांत प्रसिद्ध प्रयोगातच सापडतं. लँगर आणि रोडिन, १९७६, अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधलं एक नर्सिंग होम. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितलं, तुमच्या खोलीची मांडणी, तुमचा वेळ, तुम्ही ठरवा. आणि एक रोप देऊन ते तुम्हीच सांभाळा म्हटलं. दुसऱ्या मजल्यावर रोप दिलं, पण पाणी नर्स घालतील असं सांगितलं. दीड वर्षानंतरचा पाठपुरावा १९७७ मध्ये आला: पहिल्या गटात ४७ पैकी ७ मृत्यू, दुसऱ्यात ४४ पैकी १३. पंधरा टक्के आणि तीस टक्के. मानसशास्त्राच्या पुस्तकांपासून प्रेरणादायी भाषणांपर्यंत हे आकडे फिरतात. आता कागद घ्या आणि दोन प्रमाणांमधल्या फरकाचा झेड हातानं काढा. साधारण १.७ येतो. छापलेल्या निबंधात ३.१४ होता. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात शुद्धिपत्र आलं की खरा आकडा १.७४ आहे. नेहमीच्या पाच टक्क्यांच्या पातळीवर तो फरक टिकत नाही. शुद्धिपत्र कुणी वाचत नाही, त्यामुळे प्रबंधांच्या दुसऱ्या प्रकरणात तीस आणि पंधरा टक्के आजही सुखानं नांदतायत. शिवाय गट पाडले होते मजल्यांवरून. मजले दोनच. एका मजल्यावरची नर्स जास्त चांगली असती तरी हाच निकाल आला असता.

तरीही तो प्रयोग मला आवडतो हे कबूल करते. कारण त्यांनी घर काय करतं ते बदलून पाहिलं. रोपाला पाणी कोण घालतं हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला. माईआजीच्या तुळशीमुळे मी कदाचित पक्षपाती असेन.

घर मोजण्याचं याहून भक्कम काम इंग्लंडमध्ये पीटर टाउनसेंड यांनी केलं, 'द लास्ट रेफ्यूज', १९६२. इंग्लंड आणि वेल्समधल्या १७३ संस्थांना भेटी. खाटांमधलं अंतर, संडास किती, दार आतून बंद करता येतं का, उठायची वेळ कोण ठरवतं, अशा गोष्टींवरून संस्थेचा दर्जा काढण्याची पद्धत त्यांनी बसवली. पुढे काही संशोधकांनी त्या १७३ संस्थांचं काय झालं याचा माग काढला आणि अजून चालू असलेल्यांपैकी वीस ठिकाणी पुन्हा जाऊन आले. ते पुस्तक २०१० मध्ये आलं. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी घराच्या भिंती मोजून ठेवल्या म्हणून हे शक्य झालं. पुण्यात नवी पेठेतल्या 'निवारा'ची सुरुवात १८६३ ची, ससूनांच्या देणगीतली. एवढी जुनी परंपरा असलेल्या शहरात अशी मोजणी का होऊ नये?

आकडे गोळा करायला लागलो की सगळं सुटेल असंही नाही. अमेरिकेचा अनुभव वाचण्यासारखा आहे. १९८६ चा मोठा अहवाल, १९८७ चा सुधारणा कायदा, प्रत्येक रहिवाशाची ठरावीक नमुन्यातली नोंद, आणि २००८ च्या अखेरीस प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे. ताऱ्यांचा मोठा भाग त्या संस्थांनीच भरलेल्या माहितीवर होता. प्राची संघवी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एक साधी पण जबरदस्त गोष्ट केली. पडल्यामुळे गंभीर इजा होऊन रुग्णालयात गेलेल्यांची विम्याच्या दाव्यांतली नोंद घेतली आणि ती संस्थेनं भरलेल्या नोंदीशी जोडली. संस्थांनी कळवलेली प्रकरणं निघाली सुमारे ५७ टक्के. बाकीच्यांच्या कागदावर कुणी पडलंच नव्हतं. म्हणजे पडण्याची नोंद प्रामाणिकपणे ठेवणारं घर ताऱ्यांत मागे आणि न लिहिणारं पुढे.

तुमच्या कामासाठी याचा उपयोग असा. आश्रमाला 'गेल्या वर्षी किती जण पडले' हे विचाराच, पण दुसरी वाट शोधून ठेवा. जवळच्या रुग्णालयातली खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियांची नोंद, १०८ च्या रुग्णवाहिकेचे फेरे, नातेवाइकांच्या फायली. आणि छेद नीट घ्या. तीस रहिवासी, तीस दिवस, म्हणजे ९०० रहिवासी-दिवस. चार वेळा कुणी पडलं तर हजारी ४.४. नुसतं 'चार जण पडले' म्हटलं तर दहा खाटांचं आणि शंभर खाटांचं घर एकाच मापानं मोजलं जातं.

अतुल गावंडे यांच्या 'बीइंग मॉर्टल'बद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडच्या प्रस्तावनांमध्ये ते हमखास असतं. २०१४ चं पुस्तक, सुंदर आहे, आणि विदर्भातल्या उटी गावी शंभरी ओलांडलेल्या त्यांच्या आजोबांची गोष्ट वाचून कुणाही मराठी माणसाला आपलं घर आठवेल. पण त्यांची मुख्य तक्रार अशी की सुरक्षिततेच्या नियमांनी म्हाताऱ्या माणसाचं जगणंच आकसून गेलं. ही तक्रार नियम असलेल्या देशातली आहे. आपण ती जशीच्या तशी उचलली तर आपल्याकडे अस्तित्वातच नसलेल्या तपासणीवर टीका करत बसू. माईआजीचं फाटक सुरक्षिततेच्या नियमामुळे बंद नसतं. ते बंद असतं कारण तिच्याबरोबर फाटकाबाहेर जायला माणूस नसतो.

सुरक्षितता म्हटलं की आपल्या यादीत काय येतं? पकडायला दांडे, न घसरणारी फरशी, अग्निशामक नळकांडं. याद्या बहुधा बाहेरून आलेल्या, म्हणून त्यात पाणी नसतं. जानेवारी २०२५ आठवा. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला, या सगळ्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. पुणे परिसरातला आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी, काहींत नोरोव्हायरस सापडला, संशय पाण्यावर होता, नांदेडच्या विहिरीचं नाव रोज बातम्यांत होतं, आणि खासगी आरओ प्रकल्पांवर महापालिकेनं कारवाई केली. यातली बहुतेक गावं २०२१ मध्येच महापालिकेत आलेली. धरण समोर आणि पाणी टँकरचं किंवा जारचं, ही इथली रोजची कथा. त्या आठवड्यात मी माईआजीच्या आश्रमात विचारलं, 'पाणी कुठून येतं?' तिघांनी तीन उत्तरं दिली. तोपर्यंत मी स्वतः केलेल्या सुरक्षिततेच्या यादीतही हा प्रश्न नव्हता, आणि मी खडकवासल्याला दोन वर्षं जात होते!

तसाच दुसरा प्रश्न रस्त्याचा. पावसाळ्यात रविवारी संध्याकाळी धरणाच्या चौपाटीवर कणसं आणि भजी खायला अर्धं पुणं येतं. त्या वेळी धरणापलीकडून रुग्णवाहिका निघाली तर? 'जवळचे रुग्णालय किती कि.मी.' या रकान्यात आकडा रोज तोच असतो. मिनिटं विचारा, आणि रविवारची विचारा.

बातम्यांत वृद्धाश्रम दिसतात ते अशा साथीच्या दिवसांतच. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यात खडवलीजवळच्या वृद्धाश्रमात साठहून अधिक रहिवाशांना कोरोना झाल्याचं कळलं, कारण तिथे सगळ्यांच्या चाचण्या झाल्या. कॅनडात पहिल्या लाटेतल्या मृत्यूंपैकी सुमारे चार-पंचमांश मृत्यू दीर्घकालीन शुश्रूषा घरांतले होते, हे सांगता येतं कारण त्यांच्या नोंदीत माणूस कुठे राहत होता हा रकाना होता.

आता ते आधी म्हटलेलं. पीएच.डी.च्या आधी मी एका प्रकल्पात प्रश्नावल्या भरून घ्यायला जात होते. आश्रम कुठला ते सांगत नाही. एका दुपारी व्हरांड्यात एक आजोबा खुर्चीत बसलेले होते आणि पोटाशी ओढणी. मला वाटलं ऊन लागू नये म्हणून. जवळ गेल्यावर दिसलं, ओढणीची गाठ खुर्चीच्या मागे होती. मावशी म्हणाल्या, 'सारखे उठतात आणि पडतात, मी एकटी किती जणांकडे बघू?' त्यांचंही खोटं नव्हतं. त्या एकट्याच होत्या.

माझ्या हातात कॅट्झची मोजपट्टी होती. 'खुर्चीतून उठणे-बसणे' या रकान्यात मी काय लिहिलं? मदत लागते. शून्य गुण. बांधून ठेवलेल्या माणसाची नोंद परावलंबी म्हणून झाली, आणि ती माझ्या अक्षरात. प्रश्नावलीत बांधण्यासाठी रकाना नव्हता. संध्याकाळी प्रकल्पाच्या वरिष्ठांना सांगितलं तर ते म्हणाले, 'आपला ऑब्जेक्टिव्ह तो नाही, आणि परवानगी गेली तर?' मी गप्प बसले. पुढच्या आठवड्यात उरलेले फॉर्म भरून घ्यायला पुन्हा तिथेच गेले, व्यवस्थापकांनी चहा दिला, तो प्यायले.

अमेरिकेत १९८० च्या दशकात नर्सिंग होममधल्या साधारण चाळीस टक्के लोकांना असं बांधलेलं असायचं. कायदा झाला, मोजणी सुरू झाली, आणि ते प्रमाण अगदी खाली आलं. त्याच्या जागी काही ठिकाणी गुंगीची औषधं आली, आणि तीही मोजावी लागली. आपल्याकडे ओढणीचा आणि झोपेच्या गोळीचा आकडाच नाही. निदान तुमच्या प्रश्नावलीत दोन रकाने घाला: आज कुणाला बांधलेलं दिसलं का, आणि रात्रीची गोळी कुणाच्या चिठ्ठीवर, कधीपासून.

ते रकाने घातलेत की पुढचा प्रश्न येतो, दिसलं तर काय करायचं? हे तिथे गेल्यावर ठरवायचं नसतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संस्थेत राहणारे, परावलंबी लोक असुरक्षित गटात येतात. पण नीतिसमितीला दिलेल्या अर्जात आपण त्यावर 'गोपनीयता राखली जाईल' एवढंच लिहितो. गोपनीयता नक्की कुणाची, आजोबांची की आश्रमाची? माझ्या आताच्या अर्जात मी वेगळं पान जोडलंय. कोणत्या गोष्टी दिसल्या तर गोपनीयता मोडेन, आधी कुणाला सांगेन, किती तासांत, आणि आश्रमाला हे परवानगी मागतानाच लेखी कळवेन. ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइनचा १४५६७ हा क्रमांकही त्याच पानावर आहे. हे वाचून दोन आश्रमांनी मला नकार दिला. एकानं होकार दिला आणि विचारलं, रात्रपाळीला तुम्ही खरंच येणार का. पुढच्या शुक्रवारपासून जाते आहे.